कॅमेऱ्याचा ब्रँड बदलताय? आधी काय, नंतर काय

दर पावसाळ्यात कुणीतरी नवा कॅमेरा घेऊन माझ्याकडे येतो आणि तीच तक्रार सांगतो. "दादा, कॅनन विकला, निकॉन घेतला, पण फोटो आधीसारखे येईनात." कधी उलटं असतं, निकॉन विकून कॅनन घेतलेला असतो. कॅमेऱ्यात बहुधा काहीच बिघाड नसतो. चुकलेला असतो तो क्रम. जुना कॅमेरा लेन्ससकट आधी विकला जातो, मिळालेल्या पैशात नवी बॉडी बसवली जाते आणि लगेच येणाऱ्या रविवारी तीच बॉडी गळ्यात घालून माणूस हळदीला उभा राहतो.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरणं कॅननकडून निकॉनकडे जाण्याची घेतली आहेत, कारण आपल्याकडे कोल्हापुरात हाच बदल जास्त होतो आणि मीही तोच केला. उलट दिशेनं जाणाऱ्यांनाही टप्पे हेच लागू आहेत. कोणता ब्रँड चांगला, हा वाद इथं नाही.

टप्पा १ : बदलायचं कारण एका ओळीत लिहा

वही घ्या आणि एकच वाक्य लिहा : "माझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यात अमुक होत नाही, म्हणून माझं तमुक काम अडतं." वाक्य पूर्ण झालं नाही तर तिथंच थांबा.

"अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ ६४०० ला फोटो छापण्याजोगा राहत नाही" हे कारण आहे. "मित्रानं घेतला", "रंग छान येतात म्हणे", "आता सगळे तोच वापरतात" ही कारणं नव्हेत. फोटो हलके येतात म्हणून ब्रँड बदलायला निघालेल्या तिघांना मी त्यांच्याच बॉडीवर चांगली एफ २.८ ची लेन्स भाड्यानं आणून वापरायला लावली. तिघांचाही बेत रद्द झाला.

दुसरी गोष्ट इथंच तपासायची. डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, काळ आता सरत आलाय. कॅनन आणि निकॉन या दोघांचंही सगळं लक्ष बिनआरशाच्या मिररलेसकडे आहे. कॅननच्या ईएफ लेन्स कॅननच्याच आर मालिकेतल्या मिररलेसवर कंपनीचा अ‍ॅडॉप्टर लावून ऑटोफोकससह व्यवस्थित चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरनं निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना मात्र तिथं ऑटोफोकस मिळत नाही. म्हणजे तुमच्याकडं एकाच ब्रँडच्या चार चांगल्या लेन्स असतील, तर ब्रँड न सोडता मिररलेसवर जाणं हा बहुतेक वेळा कमी खर्चाचा आणि कमी त्रासाचा मार्ग असतो. हा हिशेब न करता एका डीएसएलआरवरून दुसऱ्या डीएसएलआरवर उडी मारली, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा सगळं बदलायची वेळ येऊ शकते.

हे वाचूनही कारण टिकत असेल तर पुढं चला.

टप्पा २ : माउंटला जे जे चिकटलंय त्याची यादी

बॉडी बदलते असं आपण म्हणतो, पण खरं तर माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला अडकते ती कडी, बदलतो आणि माउंटबरोबर निम्मी बॅग बदलते. बॅग पलंगावर रिकामी करा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन ढिगांपैकी एकात ठेवा : चालेल, चालणार नाही, अर्धवट चालेल.

चालणार नाही : लेन्स, बॅटऱ्या, चार्जर, बॅटरी ग्रिप, तारेचा रिमोट, बॉडीचं आणि लेन्सच्या मागचं झाकण. कॅननची एलपी-ई६ बॅटरी आणि निकॉनची ईएन-ईएल१५ यांची अदलाबदल होत नाही. आपण लेन्सचा हिशेब धरतो आणि बॅटऱ्या विसरतो. लग्नाला किमान तीन बॅटऱ्या लागतात, त्यांचे पैसे यादीत आत्ताच मांडा.

चालेल : ट्रायपॉड, त्याची प्लेट, बॅग, स्टँड, छत्र्या, सॉफ्टबॉक्स. फिल्टर ब्रँडवर नाही, लेन्सच्या तोंडाच्या मापावर बसतात. नवी लेन्स ७७ मिलिमीटरची असेल आणि फिल्टर ८२ चा, तर स्टेप-अप रिंगवर काम भागतं.

अर्धवट चालेल : मेमरी कार्ड, फ्लॅश आणि ट्रिगर (लांबचा फ्लॅश रेडिओनं पेटवणारं यंत्र).

कार्डाचा आकार बघा. जुन्या बॉडीत सीएफ कार्ड असेल आणि नवीत एसडी किंवा एक्सक्यूडी, तर जुनी कार्डं निकामी झाली. एसडीला एसडी असेल तर अडचण नाही, फक्त आधी सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि कार्ड नव्या बॉडीतच फॉरमॅट करायचं.

फ्लॅशच्या बुडाकडं बघा. मधला एक मोठा ठिपका दोन्ही ब्रँडना सारखाच असतो, आजूबाजूचे बारीक ठिपके वेगळे. कॅननला मधल्यासकट पाच, निकॉनला चार. मधल्या ठिपक्यानं फ्लॅश फक्त पेटतो. प्रकाश किती टाकायचा हे बॉडीनं फ्लॅशला सांगायची बोली बारीक ठिपक्यांतून जाते आणि ती दोघांची वेगळी आहे. त्यामुळं कॅननचा फ्लॅश निकॉनवर टीटीएलमध्ये, म्हणजे प्रकाश आपोआप ठरवत, चालत नाही आणि हाय-स्पीड सिंकही (वेगवान शटरला फ्लॅश वापरायची सोय) मिळत नाही. गोडॉक्सचे फ्लॅश वापरत असाल तर बरंच वाचतं. नव्या ब्रँडचा एकच ट्रिगर घेतला की स्टँडवरचे जुने फ्लॅश त्याच रेडिओवर चालू राहतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावायला मात्र नव्या ब्रँडचा एक फ्लॅश हवाच.

सावध : अ‍ॅडॉप्टरवर भरवसा ठेवून एका ब्रँडच्या लेन्स दुसऱ्या ब्रँडच्या डीएसएलआरसाठी वाचवू नका. लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर कॅनन ईएफला ४४ मिलिमीटर आहे, निकॉन एफला ४६.५. कॅननची लेन्स निकॉनवर लावली की ती असायला हवी त्यापेक्षा अडीच मिलिमीटर पुढं बसते, वर अ‍ॅडॉप्टरची जाडी वेगळी. मग दूरचं काहीच फोकस होत नाही. पन्हाळ्यावरून खालचं शिवार टिपायला जाल आणि चित्र भुरकट येईल. काही अ‍ॅडॉप्टरमध्ये भिंग घालून हे सुधारतात, पण त्या भिंगानं चित्राची धार जाते. उलट दिशेनं, म्हणजे निकॉनची लेन्स कॅननवर, अंतर जुळतं. पण साध्या अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस नसतो आणि अ‍ॅपर्चरची रिंग नसलेल्या निकॉनच्या लेन्सवर अ‍ॅपर्चर नीट ठरवता येत नाही. छंदाला ठीक, कामाला नाही.

टप्पा ३ : लेन्स आधी निवडा, बॉडी नंतर

बहुतेकजण बॉडीची किंमत बघून निर्णय घेतात आणि लेन्सपाशी येऊन अडकतात. गेल्या वर्षीच्या कामाचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. कोणत्या लेन्सवर, कोणत्या फोकल लेंथला जास्त फोटो आहेत, हे लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या फिल्टरमध्ये दोन मिनिटांत दिसतं. माझे निम्म्याहून जास्त फोटो २४-७० वर निघाले आणि जिच्यावर मी जीव टाकत होतो ती ८५ ची लेन्स अगदी थोड्या फोटोंत होती. म्हणून नव्या ब्रँडमध्ये ती मी पहिल्या वर्षी घेतलीच नाही.

निवडताना जुळवणीचे हे खाचखळगे बघा :

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वस्तातली एएफ-डी ५० मिलिमीटर लेन्स त्यावर बसेल, पण फोकस हातानं करावा लागेल. त्या बॉडीला एएफ-एस किंवा एएफ-पी हवी. एएफ-पी आणि ई प्रकारच्या लेन्स निकॉनच्या बऱ्याच जुन्या बॉडींवर नीट चालत नाहीत. निकॉनकडून कॅननकडे जात असाल तर ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर बसतच नाही, हे ध्यानात ठेवा.

छोट्या सेन्सरच्या बॉडीत कॅननचा गुणक १.६ आहे, निकॉनचा १.५. म्हणजे ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी वागते, निकॉनवर ७५ सारखी. फरक थोडाच, पण आपल्या अरुंद मंडपात एक पाऊल मागं यायला जागा नसते तेव्हा जाणवतो.

टप्पा ४ : वेळ निवडा

आपल्याकडं यासाठी आयता काळ आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नांचे मुहूर्त थांबतात, ते तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. पण हा सगळाच काळ मोकळा नसतो. गणपती येतात, मग नवरात्र, मग दसरा चौकातला सोहळा. म्हणून माझं सांगणं असं की आषाढात खरेदी करा, श्रावणभर सराव करा आणि गणपतीत पहिलं हलकं काम घ्या. तुळशीच्या लग्नापर्यंत हात बसलेला असतो.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर किंवा वैशाखात लग्नं अंगावर असताना ब्रँड बदलू नका, कितीही सवलत लागलेली असो.

पावसाळ्यात खरेदी करायची तर एक काळजी जास्त घ्या. आपल्या हवेत जुन्या लेन्सला बुरशी लवकर धरते. नवी बॅग आणली त्याच दिवशी सिलिका जेल आणा. जमलं तर आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्रही घ्या. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली की बरं.

टप्पा ५ : दोन दिवस भाड्यानं

विकत घेण्याआधी तीच बॉडी आणि तीच लेन्स दोन दिवस भाड्यानं किंवा मित्राकडून आणा. फोटो कसे येतात हे बघायचं नाही, ते चांगलेच येतात. बघायचं ते हाताचं. करंगळी ग्रिपखाली लोंबते का? अंगठा फोकसच्या बटणापर्यंत न बघता जातो का? दोन तास गळ्यात ठेवल्यावर मान काय म्हणते? चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का?

टप्पा ६ : खरेदी, आणि सेकंड हँड असेल तर तपासणी

पहिल्या खेपेला एवढंच घ्या : बॉडी, सगळ्यात जास्त वापराची एक लेन्स, एक फ्लॅश किंवा ट्रिगर, जादा बॅटऱ्या, एक कार्ड. बाकीच्या लेन्स जुनं विकल्यावर. नवीन घेताना जीएसटीचं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर मागून घ्या. तो नंबर बॉडीच्या बुडाशी आणि खोक्यावर जुळतो का, दुकानातच बघा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या मालाची वॉरंटी ऐनवेळी नाकारली जाते. अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठं आहे हेही आधीच कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. कॅमेरा पुण्याला पाठवावा लागणार असेल तर ते दिवस धंद्यातून वजा होतात.

सेकंड हँड बॉडी या क्रमानं तपासा :

१. विकणाऱ्याकडून आदल्या दिवशी काढलेली मूळ जेपीईजी फाइल मेलवर मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर फाइलमधली माहिती निघून जाते. निकॉनच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडलंय तो आकडा असतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो फाइलमध्ये नसतो, कॉम्प्युटरला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं बघावा लागतो.

२. एफ १६ ला, फोकस मुद्दाम हलवून, पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. मोठा करून कोपरे बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ होते. रेषा दिसली तर ओरखडा आहे, तिथून उठा.

३. लेन्स डोळ्यासमोर धरून मागून मोबाइलचा टॉर्च टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. विकणारा म्हणेल, "फोटोत येत नाही." आज येत नसेल, पण ती पसरते.

४. दोन्ही कार्डांच्या खाचा, फ्लॅशचा बूट, प्रत्येक बटण, प्रत्येक डायल. बूट डुगडुगत असेल तर फ्लॅश लावून बॉडी हलवून बघा.

५. माउंटच्या कडेला आणि बटणांच्या फटीत गुलाबी-लाल कण दिसले तर बॉडी गुलालात वापरलेली आहे. जोतिबाच्या यात्रेत गेलेला कॅमेरा बाहेरून कितीही पुसला तरी फटी बोलतात. डायल फिरवताना करकर लागते का ते बोटाला विचारा.

टप्पा ७ : घरी बसून सेटिंग

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. जुना कॅमेरा डाव्या हाताला, नवा उजव्या हाताला ठेवा. जुन्याची एकेक सवय नव्यात कुठं आहे ते शोधा.

लेन्स चढवणं. समोरून पाहिलं तर कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून बसते, निकॉनची उलट दिशेनं. हात सवयीनं चुकीकडं जोर लावतो. पलंगावर बसून, ठिपक्याला ठिपका लावून पन्नास वेळा काढघाल करा. झूमची रिंगही बहुतेक लेन्सवर उलटी फिरते. नवरा-नवरी दाराशी आली आणि तुम्ही जवळ घ्यायच्या ऐवजी लांब गेलात, असं पहिल्या महिन्यात हमखास होतं.

एक्स्पोजरची पट्टी. ही माझ्या अंगावर आलेली चूक. कॅननच्या पट्टीत वजा डावीकडं असतो, अधिक उजवीकडं. निकॉनच्या बऱ्याच बॉडींत, विशेषतः जुन्या, हे उलटं असतं. कागलच्या एका लग्नात अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, मी पट्टी पाहिली तर काटे डावीकडं गेलेले. वर्षानुवर्षांची सवय, मला वाटलं फोटो काळा येतोय, म्हणून शटर आणखी सावकाश केलं. खरं तर तो आधीच जास्त उजळ होता. हार घालतानाच्या सगळ्या फोटोंत मुंडावळ्यांचे मोती दिसेनात, कपाळावर नुसता पांढरा पट्टा. रॉमधून, म्हणजे सेन्सरच्या मूळ फायलीतून, थोडं परत आणलं, सगळं आलं नाही. त्याच रात्री मी नवरीच्या वडिलांना फोन करून खरं ते सांगितलं.

उपाय मेनूतच असतो. निकॉनच्या कस्टम सेटिंगमध्ये 'रिव्हर्स इंडिकेटर्स' शोधा आणि वजा डावीकडं आणा. डायलची दिशा उलटवायची सोयही तिथंच, कमांड डायलच्या सेटिंगमध्ये आहे.

मोडची नावं. कॅननचा एव्ही म्हणजे निकॉनचा ए, टीव्ही म्हणजे एस. कॅननचं वन शॉट म्हणजे एएफ-एस, एआय सर्व्हो म्हणजे एएफ-सी. मॅन्युअलमध्ये कॅननला शटर वरच्या डायलवर आणि अ‍ॅपर्चर मागच्या चाकावर असतं. निकॉनला शटर मागच्या डायलवर, अ‍ॅपर्चर पुढच्या. एकच डायल असलेल्या बॉडीत अ‍ॅपर्चरसाठी बटण दाबून धरावं लागतं.

ऑटो आयएसओ. निकॉनमध्ये हे मेनूतून एकदा चालू केलं की मॅन्युअल मोडमध्येही चालू राहतं. तुम्ही शटर आणि अ‍ॅपर्चर पक्कं केलेलं असतं, तरी फोटोफोटोला उजेड बदलतो आणि कारण सापडत नाही. मॅन्युअलवर काम करायचं तर आधी ते बंद आहे का बघा.

एएफ-सी आणि शटर. निकॉनमध्ये एएफ-सी मूळ सेटिंगला 'रिलीज' वर असतं. म्हणजे फोकस लागो न लागो, बटण दाबलं की फोटो पडतो. वरातीत नाचणाऱ्यांचे फोटो भराभर पडतात आणि घरी येऊन बघावं तर निम्मे फोकस चुकलेले. नवशिक्या असाल तर ते 'फोकस' वर करा.

स्पॉट मीटरिंग. कॅननच्या बहुतेक बॉडींत ते मधल्या ठिकाणी मोजतं, निकॉनमध्ये निवडलेल्या फोकस बिंदूवर. बिंदू नवरीच्या डोळ्यावरून चुकून काळ्या कोटावर गेला तर एक्स्पोजर उडालं.

हाय-स्पीड सिंक. कॅननला हे फ्लॅशवर चालू करायची सवय असते. निकॉनला बॉडीच्या मेनूत ऑटो एफपी चालू करावं लागतं, नाहीतर शटर सिंकच्या मर्यादेवर अडून राहतं. डी३००० आणि डी५००० मालिकेत ही सोय नाही.

रॉ. निकॉनमध्ये १४ बिट, लॉसलेस कम्प्रेस्ड निवडा. रंगासाठी दोन्ही कॅमेऱ्यांत एकच ठेवा, एसआरजीबी. आल्बम छापणाऱ्या लॅबला तोच लागतो.

तपासा : खोलीतला दिवा बंद करा आणि अंधारात, न बघता, आयएसओ वाढवा, फोकसचा बिंदू डावीकडं न्या, एएफ-एस वरून एएफ-सी वर या. तिन्ही जमलं तर पुढच्या टप्प्यावर जा. नाही जमलं तर उद्या परत.

टप्पा ८ : एकच दृश्य, दोन कॅमेरे

खिडकीच्या उजेडात टेबलावर एक ताट मांडा. वाटीत हळद, करंडा, हिरव्या बांगड्या, पैठणीचा काठ आणि शेजारी पांढरा कागद. दोन्ही कॅमेऱ्यांनी, एकाच व्हाइट बॅलन्सवर, एकाच एक्स्पोजरला, रॉमध्ये फोटो काढा. मग ट्यूबलाइटखाली तेच ताट आणि रात्री पिवळ्या बल्बखालीही. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळं हॉलचे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. १/१०० किंवा १/५० शटरला पट्टे कमी दिसतात. नव्या बॉडीत फ्लिकर रिडक्शन असेल तर तेही इथंच चालू-बंद करून बघा.

कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी ठेवा. हळदीचा पिवळा एकात केशरीकडं झुकेल, एकात लिंबाकडं. बांगड्यांचा हिरवाही वेगळा येईल. म्हणून कॅननच्या फायलींवर बनवलेले जुने प्रिसेट निकॉनच्या फायलींवर तसेच टाकू नका. कॅमेऱ्याचं प्रोफाइल निवडून त्यावर नवे बनवा. आल्बमचं काम बाहेर देत असाल तर या चाचणीच्या दोन-चार फायली आधीच त्यांच्याकडं पाठवा. लाइटरूमची आवृत्ती जुनी असेल तर नव्या बॉडीची एनईएफ (निकॉनची रॉ) किंवा सीआर३ (कॅननची रॉ) फाइल उघडणारच नाही. तेव्हा अडोबीचा फुकट मिळणारा डीएनजी कन्व्हर्टर कामी येतो. पण हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळू नये.

मग फोकस. ट्रायपॉडवर कॅमेरा, समोर दीड-दोन मीटरवर ४५ अंशात टेकवलेली फूटपट्टी, लेन्स पूर्ण उघडी, मधला बिंदू पट्टीच्या मधल्या आकड्यावर. दर वेळी फोकस हलवून पुन्हा लावत दहा फोटो काढा. मग लाइव्ह व्ह्यूत तसेच दहा. लाइव्ह व्ह्यूतले धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधले पुढं-मागं असतील तर त्या लेन्ससाठी बॉडीत फाइन ट्यून करावं लागेल. वरच्या श्रेणीतल्या बॉडींत वजा २० ते अधिक २० असा आकडा असतो. ही सोय नसेल तर लेन्स बदलून मागा, म्हणूनच ही चाचणी परत देण्याच्या मुदतीत उरकायची.

टप्पा ९ : पंधरा दिवस, रोज एक तास

पहिले पाच दिवस रंकाळा. संध्याकाळी चौपाटीवर पळणारी पोरं आणि पाण्यावरून उडणारे बगळे यापेक्षा चांगली एएफ-सीची शाळा दुसरी नाही. जुना कॅमेरा घरी ठेवा. दोन्ही नेले की हात आपोआप जुन्याकडं जातो.

पुढचे पाच दिवस अंधार. ओळखीच्या तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन बसा. पहाटेच्या पिवळट उजेडात, तांबड्या मातीत, अंगाला अंग भिडलेले दोन पैलवान. तिथं फोकस टिकला तर मंडपात टिकेलच. तालमीत लेन्स मात्र बदलू नका. ती माती पिठासारखी बारीक असते आणि सेन्सरवर बसते.

शेवटचे पाच दिवस फ्लॅश. घरातल्या माणसांना उभं करा, छताला उसळवून, भिंतीला उसळवून, टीटीएल आणि मॅन्युअल दोन्ही.

तपासा : पंधराव्या दिवशीचे शंभर फोटो उघडा आणि फक्त हललेले, फोकस चुकलेले मोजा. तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या कामातल्या शंभराशी ताडा. आकडा जवळपास आला नसेल तर सराव एक आठवडा वाढवा.

टप्पा १० : पहिलं काम

बारसं, साखरपुडा, घरगुती गणपती असं काहीतरी घ्या, जिथं एखादा क्षण परत करून घेता येतो. जुना कॅमेरा लेन्स लावून, बॅटरी भरून बॅगेत हवाच. तो वापरायचा नाही, पण हवा.

निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. जोडीला दुसरा फोटोग्राफर असेल तर त्याचंही. घड्याळात सात मिनिटांचा फरक असला तर कॉम्प्युटरवर वेळेनुसार लावताना सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर येतो आणि हजारभर फोटो हातानं लावत बसावं लागतं. कार्डांवर रंगीत चिकटपट्टी लावा, एका ब्रँडची लाल, दुसऱ्याची निळी. घाईत एका कॅमेऱ्याचं न उतरवलेलं कार्ड दुसऱ्यात जातं, तो फॉरमॅट विचारतो, आणि बोट 'हो' वर पडतं.

टप्पा ११ : जुनं विकणं, अगदी शेवटी

नव्या कॅमेऱ्यावर तीन कामं निर्धोक झाली की मगच. घाईनं विकणाऱ्याला किंमत पाडून मिळते. हातात वेळ असला की लेन्स सुट्या सुट्या विकता येतात आणि एकत्र विकण्यापेक्षा त्यात जास्त मिळतं. बॉडीबरोबर एक साधी लेन्स ठेवा, नुसती बॉडी घेणारे कमी.

विकण्याआधी मेनूत जाऊन मालकाचं नाव आणि कॉपीराइटची माहिती पुसा, वायफायचे जोड काढा, सेटिंग मूळ करा. माझ्या एका ओळखीच्यानं हे केलं नाही. नव्या मालकानं काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फायलीत वर्षभर याचंच नाव जात राहिलं. कॅननचं सॉफ्टवेअर मात्र कॉम्प्युटरवरून काढू नका, जुन्या सीआर२ (कॅननच्या रॉ) फायली कधीतरी उघडायला लागतात.

घेणाऱ्याला दिवसाउजेडी, दुकानात किंवा चार माणसं असतील अशा ठिकाणी बोलवा. त्याच्या समोर फोटो काढून दाखवा, लेन्समध्ये टॉर्च टाकून दाखवा. दोष असेल तर तोंडानंच सांगा. आपलं शहर लहान आहे, तोच माणूस उद्या मंडपात शेजारी उभा असतो. पैसे खात्यावर जमा झाल्याचं बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा, मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका. दोन प्रतींत पावती करा : तारीख, बॉडी आणि प्रत्येक लेन्सचा सिरीयल नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या. मूळ बिल देताना त्याची झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. कॅमेऱ्याचा विमा असेल तर जुना नंबर काढून नवा घालायला त्याच दिवशी फोन करा.